अनाहूत विचार आणि साधकाचे दायित्व

स्मरण हा साधकाच्या आचाराचा प्राण होय. नाम, मूर्ती, लीळा आणि चेष्टा यांच्या ठायी मन लावावे आणि ते तेथेच रमवावे, यासाठीच एकांत, विजन आणि नित्यनेम यांची योजना आहे. परंतु याच स्मरणाच्या समयी काही साधकांच्या वाट्याला एक विचित्र दुःख येते आणि लज्जेमुळे ते कोणासही सांगितले जात नाही. हे दुःख मनाच्या सामान्य चंचलतेचे नव्हे. चंचल मन शेतावर जाते, भोजनावर जाते, कालच्या बोलण्यावर जाते. येथे जे उद्भवते ते नेमके साधकाला सर्वाधिक अप्रिय असते. ज्याला वंदन करावयाचे त्याच्याविषयीच अपशब्द उमटतो. ज्याचे रक्षण करावयाचे त्यालाच इजा केल्याचे चित्र दिसते. हा विचार एकदा येऊन जात नाही, तर भुंग्यासारखा फिरून फिरून तेथेच येतो.

असा एक साधक कल्पावा. तो स्थानवंदनास गेला. ओट्यावर मस्तक ठेवताच मनात एक अभद्र शब्द उमटला. तो दचकला. हे वंदन भ्रष्ट झाले असे मानून त्याने पुन्हा दंडवत घातला, तो शब्द पुन्हा उमटला. सोबतचे यात्रेकरू पुढील स्थानी निघून गेले. हा मात्र एक तरी निर्मळ दंडवत घडावा म्हणून तेथेच उठत-बसत राहिला. काही मासांनी त्याने स्थानी जाणेच सोडले, कारण न गेल्यास निदान अपशब्द तरी उमटत नाही. पुढे नामही सुटले. ज्याची भक्ती तीव्र होती, त्याची भक्ती त्या तीव्रतेमुळेच बंद पडली. विकार, विकल्प आणि हिंसा यांपासून दूर राहण्याचा उपदेश त्याने मनापासून घेतला होता. म्हणूनच मनातील प्रत्येक पडसाद त्याला स्वतःचा अपराध वाटू लागला.

गृहस्थाश्रमी वासनिकांतही हे घडते. तान्ह्या बालकाची माता विळीवर भाजी चिरीत असता, हीच विळी बाळाला लागली तर, किंबहुना आपणच लावली तर, असा विचार तिच्या मनात चमकून जातो. ती घाबरून विळी माळ्यावर टाकते, बाळाला एकटीने घेण्याचे टाळते आणि आपल्या ठायी हिंसा वसते, असे ठरवून रात्र रात्र रडते.

तेव्हा प्रश्न असा की, न बोलावता आलेल्या विचाराचे दायित्व कोणाचे? आणि तो वारंवार येत असल्यास साधकाने काय करावे?

पूर्वपक्ष

साधकाचे भय निराधार आहे असे एकदम म्हणता येत नाही, कारण शास्त्रवचनेच त्याच्या बाजूने उभी आहेत असे त्याला दिसते. श्रीमद्भगवद्गीतेच्या तिसऱ्या अध्यायातील सहाव्या श्लोकात, कर्मेंद्रिये आवरून मनाने विषयांचे स्मरण करीत बसणाऱ्याला मिथ्याचारी म्हटले आहे. साधक म्हणतो, ‘माझे हात जोडलेले आणि मनात अभद्र, मग मिथ्याचारी तो मीच.’ त्याच अध्यायात छत्तिसाव्या श्लोकात अर्जुन विचारतो की, इच्छा नसतानाही बळाने ओढल्यासारखा मनुष्य पाप कशामुळे करतो. साधक म्हणतो, ‘इच्छा नसताना घडलेलेही पापच ठरते.’ याहून भयंकर वाटतो तो आठव्या अध्यायाचा सहावा श्लोक. अंतकाळी ज्या भावाचे स्मरण करीत मनुष्य देह ठेवतो, त्या भावाला तो जातो, असा त्याचा आशय. साधकाला वाटते, त्या क्षणी नेमका तोच अपशब्द उमटला तर जन्मभराचा आचार व्यर्थ गेला.

हा पूर्वपक्ष दुबळा नाही. त्याचे समाधान केवळ ‘मनावर घेऊ नका’ असे म्हटल्याने होत नाही. म्हणून ती वचनेच नीट पाहिली पाहिजेत.

उत्तरपक्ष

प्रथम तिसऱ्या अध्यायातील वचन. तेथील ‘स्मरन्’ या पदाचा कर्ता स्वतः मनुष्य आहे. तो बसला आहे आणि विषयांचे स्मरण करीत आहे. बाहेरून त्याग दाखवून आत भोग घेण्याची ही योजना आहे, आणि दंभ तो हाच. ज्याला विचाराची किळस येते, जो त्याच्यापासून पळतो आहे, तो स्मरण करीत नाही. त्याच्यापुढे ते स्मरण येऊन पडते. भिक्षेस जाणे आणि वाटेत पायाला काटा रुतणे या दोन्ही गोष्टी चालण्यातच घडतात, पण पहिली साधक करतो आणि दुसरी त्याला होते.

छत्तिसाव्या श्लोकातही प्रश्न आहे तो पाप आचरण्याचा, पाप दिसण्याचा नव्हे. आणि उत्तरात श्रीकृष्ण काम व क्रोध यांना वैरी ठरवितात. म्हणजे तेथे त्या वस्तूची ओढ आहे. आपल्या साधकाला ओढ नाही, भय आहे. कामाची चिकित्सा भयाला लावली, तर रोग वाढतो.

मनाचे कर्म असे काही नसतेच काय? असते. अठराव्या अध्यायाच्या पंधराव्या श्लोकात देह, वाणी आणि मन या तिन्हींनी घडणाऱ्या कर्माचा उल्लेख आहे. तेथे मनुष्य ज्याचा आरंभ करतो त्याला कर्म म्हटले आहे. ‘प्रारभते’ हे पद महत्त्वाचे आहे. मनातील जे आपण आरंभिले, जे पुढे चालविले, त्याचे दायित्व आपले. मत्सराने दुसऱ्याचे वाईट चिंतीत बसणे हे मनाचे कर्म आहे आणि त्याचा अनुताप व्हावयासच हवा. दुसऱ्या अध्यायात अधःपाताच्या पायऱ्या सांगितल्या आहेत, तेथेही पहिली पायरी विषयाचे दर्शन ही नसून विषयाचे ध्यान ही आहे. ध्यानाने संग आणि संगाने काम. उंबरठ्याशी आलेल्या पाहुण्याला आसन घातल्यावाचून तो मुक्काम करीत नाही.

उरला अंतकाळ. त्या श्लोकाचा शेवट पाहावा. जो भाव सदैव जोपासला, ज्याने जीव रंगून गेला, त्या भावाची तेथे गोष्ट आहे. एका निमिषाची उसळी म्हणजे जोपासलेला भाव नव्हे. जन्मभर ज्याने नामाचा ध्यास घेतला आणि अपशब्दाने ज्याला व्यथा झाली, त्याचा भाव कोणता? व्यथाच त्याची साक्ष देते. लगेच पुढील श्लोकात अर्जुनाला जी आज्ञा झाली ती, सर्व काळी स्मरण कर आणि आपले युद्धही कर, अशी आहे. मन आधी निर्मळ झाल्याची खात्री करून घे आणि मग धनुष्य उचल, असे तेथे म्हटलेले नाही.

सहाव्या अध्यायात मनोनिग्रह वाऱ्याला बांधण्याइतका कठीण वाटतो असे अर्जुन म्हणतो, तेव्हा मन चंचल आहे हे श्रीकृष्ण मान्य करतात, आणि अभ्यास व वैराग्य हे उपाय सांगतात. त्याच अध्यायाच्या सव्विसाव्या श्लोकात मन जेथे जेथे जाईल तेथून तेथून त्याला परत आणावे असे सांगितले आहे. मन जाणार हे त्या आज्ञेत गृहीतच आहे. साधकाकडे मागितले आहे ते परत येणे. आणि चौदाव्या अध्यायात गुणातीताचे लक्षण सांगताना, प्रकाश, प्रवृत्ती आणि मोहसुद्धा उत्पन्न झाले असता तो त्यांचा द्वेष करीत नाही, असे बाविसाव्या श्लोकात म्हटले आहे. मोहाचा आदर करावा असा याचा अर्थ नव्हे. मोह उद्भवला म्हणून त्याच्याशी झुंज मांडून बसू नये, एवढा अर्थ निश्चित आहे.

दृष्टांत

गावाबाहेर एक जुना खोल आड होता. एक भोळा मनुष्य त्यात ओणवून पाहू लागला आणि सहज म्हणाला, “कोण आहे?” आतून आवाज आला, “कोण आहे?” त्याला राग आला. तो म्हणाला, “चालता हो.” आतूनही तेच आले. त्याने शिवी दिली, त्याला शिवी मिळाली. घसा बसेपर्यंत तो ओरडला आणि जितके मोठ्याने ओरडला तितक्याच मोठ्याने उत्तर आले. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. आतला गेला की नाही हे पाहण्यासाठी त्याने हाक घातली, आणि आतला होताच. इतक्यात एक म्हातारी घागर घेऊन आली. तिच्या घागरीचाही आवाज आडात घुमला. तिने पाणी शेंदले आणि ती निघाली. तो म्हणाला, “आजी, आतला तुम्हांला काही बोलत नाही का?” म्हातारी म्हणाली, “बोलत असेल रे बाबा. मी पाणी न्यायला येते.”

दार्ष्टांतिक

आड ते मन. ओरडणे ते खंडन, क्षालन, पुन्हा पुन्हा घातलेला दंडवत. घुमून आलेला शब्द तो परतलेला विचार. आतला गेला की नाही म्हणून घातलेली हाक ती आत्मपरीक्षणाची अतिरेकी सवय. पाणी ते स्मरण. दृष्टांत एकदेशी असतो. आडातील पहिला शब्दही त्या मनुष्याचाच होता, साधकाचा पहिला विचार मात्र अनाहूत असतो. परंतु पहिल्यानंतर जे घडते ते तंतोतंत असेच. म्हातारीने आड बुजविला नाही, त्याला गप्पही केले नाही. आवाज घुमत असतानाच तिने पाणी नेले.

आधुनिक मानसशास्त्रानेही या गोष्टीची परीक्षा केली आहे. 1987 साली डॅनियल वेग्नर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. पाच मिनिटे पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका आणि विचार आलाच तर घंटा वाजवा, असे काही जणांस सांगण्यात आले. घंटा वाजतच राहिली. नंतर त्यांना अस्वलाचा विचार करण्याची मोकळीक दिली, तेव्हा ज्यांना आरंभापासून मोकळीक होती त्यांच्यापेक्षा यांच्या मनात तो अधिक वेळा आला. दडपलेल्या विचाराचे बळ वाढते ते असे. त्याआधी 1978 साली स्टॅन्ली राकमन आणि पद्मल डी सिल्वा यांनी निरोगी माणसांना त्यांच्या मनात येणाऱ्या नकोशा विचारांविषयी विचारले होते. सुमारे 80 टक्के लोकांनी असे विचार येतात असे सांगितले. आशय पाहता ते रुग्णांच्या विचारांहून फारसे वेगळे नव्हते. भेद होता तो त्यांच्या वारंवारतेत, तीव्रतेत आणि त्यांना सोडून देण्याच्या सामर्थ्यात. म्हणजे जो विचार साधकाला आपल्या पतनाचा पुरावा वाटतो, तो शेजारी बसलेल्याच्या मनातही येऊन जातो. शेजारी त्याला थांबवीत नाही, एवढेच.

थकलेली संमती

येथे एक सूक्ष्म शंका उरते. विचार अनाहूत होता हे मान्य, पण त्याच्याशी झगडता झगडता एखाद्या क्षणी मन ‘असो’ म्हणून गेले तर? ती संमती नव्हे काय? हे दुःख कोण्या एका पंथाचे वा देशाचे नाही. या शंकेचे सर्वांत स्पष्ट उदाहरण सतराव्या शतकातील एका इंग्रज धर्मोपदेशकाच्या आत्मकथनात मिळते.

जॉन बन्यन हा बेडफर्डजवळील एल्स्टो गावचा भांडी दुरुस्त करणारा कारागीर. 1666 साली, कारावासात असताना, त्याने आपल्या अंतरंगाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. तारुण्यात त्याला चर्चच्या घंटा वाजविण्याची आवड होती. तो छंद व्यर्थ वाटून त्याने सोडला, पण पाहावयास तो जाई. मग एखादी घंटा अंगावर पडली तर, अशी भीती वाटून तो तुळईखाली उभा राहू लागला. पुढे तेथेही धीर होईना, म्हणून दारात. शेवटी मनोराच कोसळेल या भयाने तो तेथून पळाला. एका भयाला वाट दिली की ते दुसरे मागते, हे यात उघड दिसते.

पुढे त्याला याहून घोर पीडा झाली. आपल्या आराध्य ख्रिस्ताला विकून टाक, असा विचार सुमारे वर्षभर त्याच्या मनात घुमत राहिला. जेवताना, खाली पडलेली टाचणी उचलताना, लाकूड तोडताना, प्रत्येक वस्तूच्या बदल्यात विकून टाक, असे मन म्हणे. तो प्रत्येक वेळी नकार देई, एकामागून एक अनेकदा देई, हातांनी आणि कोपरांनी विचाराला ढकलल्यासारखे करी. एके सकाळी अंथरुणात पडला असता, थकून गेलेल्या त्याच्या मनातून, त्याची इच्छा असेल तर जाऊ दे, अशा आशयाचे शब्द निघून गेले. आपण आराध्याला विकले, असे त्याने मानले आणि त्यानंतर दोन वर्षांहून अधिक काळ तो घोर निराशेत बुडाला.

ही संमती होती काय? संमतीला दोन गोष्टी लागतात. मनाला त्या वस्तूची ओढ हवी आणि निवड करण्याइतके मन मोकळे हवे. येथे दोन्ही नव्हत्या. त्या शब्दांना विक्री नको होती, विश्रांती हवी होती. रात्रभर रडणाऱ्या रुग्णाजवळ बसलेला मनुष्य पहाटे ‘संपू दे एकदाचे’ म्हणतो, तेव्हा त्याने मृत्यू मागितला असे कोणी म्हणत नाही. आणि पुरावा पुढच्या दोन वर्षांचा आहे. ज्याने मनापासून विकले तो विकलेल्यासाठी असा रडत नाही. वर्षभराच्या झुंजीनेच तो थकवा आणला होता. झुंज मांडली नसती तर ‘असो’ म्हणण्याची वेळही आली नसती.

बन्यनला याचे मर्म पुढे उमगलेले दिसते. 1678 साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या रूपककथेचे मराठी भाषांतर हरि केशवजी यांनी ‘यात्रिकक्रमण’ या नावाने केले. त्या कथेतील यात्रिक अंधाऱ्या दरीतून जात असता एक दुष्ट मागून येऊन त्याच्या कानात ईश्वरनिंदा कुजबुजतो, आणि हे शब्द आपल्याच मनातून निघाले, असे त्या बिचाऱ्याला वाटते. त्या कुजबुजीचे मूळ बन्यनने दुष्ट शक्तीत पाहिले. कोणी ते पूर्वसंस्कारांत पाहील, कोणी मेंदूच्या व्यापारांत. मूळ कोठेही असो, ऐकणे म्हणजे बोलणे नव्हे, हा निर्णय बदलत नाही. यात्रिक त्या दरीत थांबून विवाद करीत बसत नाही, पुढे चालत राहतो, हेही लक्षात घेण्याजोगे आहे.

मर्यादा आणि आचार

या विवेचनाचा दुरुपयोग होऊ शकतो. द्वेष जोपासणारा म्हणेल, ‘विचार आपोआप आला, माझा दोष नाही.’ त्याने स्वतःला विचारावे की, आल्यावर त्याला कोणी पोसले? जो विचाराला गोंजारतो, त्याचे समर्थन करतो आणि कृतीची संधी शोधतो, त्याला हे अभय नाही. पण पीडित साधकाने हीच कसोटी दिवसातून शंभर वेळा लावू नये. ‘संमती दिली की नाही’ हा प्रश्न वारंवार विचारणे म्हणजे पुन्हा आडात ओणवणे होय. जखमेची खपली रोज काढून ती भरली का हे पाहिले, तर ती भरत नाही.

म्हणून असे करावे. आपल्या महंतांस एकदा सर्व स्पष्ट सांगावे. महंतांनीही न दचकता ऐकावे, एकदा निर्णय द्यावा आणि तेच आश्वासन रोज देत बसू नये, कारण रोजचे आश्वासन हाही रोजचा दंडवतच होतो. प्रायश्चित्त केलेल्या अपराधाचे असते. अनाहूत विचाराला प्रायश्चित्त दिले, तर त्याला अपराधाची पदवी मिळते. साधकाने वंदन एकदा करावे आणि उठावे. नामाची गणना मोडून आरंभापासून धरू नये. अपशब्द उमटला तर उमटलेल्यासह पुढचे नाम घ्यावे. स्थान टाळू नये. मातेने विळी खाली आणावी, भाजी चिरावी आणि बाळाला जवळ घ्यावे. आरंभी भय वाढेल. ते वाढू द्यावे, पण त्याच्या सांगण्यावरून काही करू नये. काही काळाने ते आपोआप ओसरते. 1966 साली लंडनमध्ये व्हिक्टर मेयर यांनी याच दिशेने उपचार मांडला. भीतीच्या प्रसंगासमोर रुग्णास न्यावे आणि भीती शमविण्याची कृती मात्र करू देऊ नये. तो उपचार पुढे जगभर रूढ झाला.

विचार आणि त्यांच्या निवारणाची कृती यांत दिवसाचे तास जाऊ लागले, झोप आणि आहार बिघडला, तर तो रोग होय. त्याला मराठीत मंत्रचळ म्हणतात, आणि मंत्र चळला की काय या धास्तीचा वास त्या शब्दातच आहे. अशा वेळी मनोविकारतज्ज्ञाकडे जाण्यात श्रद्धेची न्यूनता नाही. भारत शासनाने 2022 साली 14416 या क्रमांकावर टेलि-मानस ही साहाय्यसेवाही सुरू केली आहे. ज्वरात औषध घेणारा साधक धर्मभ्रष्ट होत नाही, तसाच हाही होत नाही.

जीव बद्ध आहे. त्याच्या मनात काय उमटावे यावर त्याची पूर्ण सत्ता नाही आणि तशी सत्ता त्याच्याकडे मागितलेलीही नाही. मागितले आहे ते एवढेच की, उमटलेल्यामागे जाऊ नये आणि आपले स्मरण सोडू नये. परमेश्वर सर्वज्ञ असेल, तर ओट्यावर मस्तक ठेवणाऱ्याच्या मनात उमटलेला शब्द त्याला जसा कळतो, तसे त्या शब्दाने दुखावलेले अंतःकरणही कळते. स्थानी जाणे सोडलेल्या त्या साधकाने एवढे ध्यानी धरून पुन्हा वाटेला लागावे. वंदन निर्मळ झाले की नाही याचा निवाडा त्याच्याकडे नाही. त्याने एक दंडवत घालावा आणि सोबत्यांबरोबर पुढील स्थानी जावे.